गंगा कालवा बघायला जाताय? हरिद्वार ते रुडकी, क्रम चुकवू नका

हर की पौडीवर डुबकी मारून आलेल्या माणसाला “गंगा कालवा बघितला का?” असं विचारलं, तर तो हमखास नाही म्हणतो. तो उभा होता ती धारा भीमगोड्याच्या बंधाऱ्यावरून वळवून आणलेली असते आणि थोडं पुढे मायापूरला कालव्यात शिरते, हे त्याला कुणी सांगितलेलंच नसतं. जे मुद्दाम कालवा बघायला जातात, त्यांचंही काही ना काही चुकतं. कुणी दसऱ्यानंतर जातो आणि कोरडी चर बघून येतो. कुणी टॅक्सीवाल्याला नुसतं “नहर” सांगतो आणि काँक्रीटच्या नव्या कालव्यावर उतरतो. बहुतेक जण थेट रुडकी गाठतात, तिथल्या सिंहांच्या पुतळ्यांबरोबर फोटो काढतात आणि निघतात.

हा लेख त्या चुका टाळण्यासाठी आहे. इतिहास बेतापुरताच ठेवलाय: प्रोबी कॉटली नावाच्या इंजिनिअरने १८४२ मध्ये काम सुरू केलं आणि १८५४ च्या एप्रिलमध्ये पाणी सोडलं. बाकी जे आहे ते जागेवर दिसतं, फक्त ते वरून खाली, पाण्याच्या दिशेने बघावं लागतं. तसं का, ते सहाव्या टप्प्यात येईल.

## टप्पा १ : कालवा ओला बघायचा की कोरडा?

तिकीट काढण्याआधी हे ठरवा. नीरा किंवा प्रवरेच्या पट्ट्यातला माणूस कालव्याचं नाव काढलं की पहिल्यांदा विचारतो, “पाणी सुटलंय का?” इथेही तेच विचारायचं. फरक एवढाच की आपल्याकडे कालवा आवर्तनाने सुटतो. गंगा कालवा वर्षातला बहुतेक काळ वाहता असतो आणि साधारण दसऱ्याच्या रात्रीपासून दिवाळीच्या रात्रीपर्यंत साफसफाई आणि दुरुस्तीसाठी बंद ठेवतात. तिथे याला ‘गंगनहर बंदी’ म्हणतात.

बंदीच्या दिवसांत हर की पौडीवर पाणी एकदम उतरतं. घाटाखालचा गोटा उघडा पडतो आणि माणसं तळात नाणी शोधत फिरतात. आरतीसाठी आलेल्यांची निराशा होते. मीही पहिल्यांदा याच दिवसांत गेलो होतो आणि दोन दिवस चिडचिड करत फिरलो. नंतर लक्षात आलं की बांधकाम बघायला याहून चांगली वेळ नाही. एरवी पाण्याखाली असणारा तळ, दगडी उंबरठे, कमानींचे पाय, दरवाजांच्या खाचा, सगळं उघडं असतं.

तेव्हा हिशोब सोपा आहे. घरच्यांना घेऊन, दर्शन-आरतीसकट जाणार असाल तर दिवाळीनंतर जा. बांधकाम बघायचं असेल, बरोबर स्थापत्याचे विद्यार्थी असतील, तर बंदीतच जा. दोन्ही हवं असेल तर बंदीच्या शेवटच्या दोन दिवसांत पोचा आणि पाणी सुटल्यावर एक दिवस थांबा.

तपासा : हरिद्वार आणि रुडकी उत्तराखंडात असली तरी हा कालवा उत्तर प्रदेशच्या सिंचन विभागाच्या ताब्यात आहे. बंदीच्या तारखा तिकडून जाहीर होतात आणि दिल्ली-मेरठच्या हिंदी वर्तमानपत्रांत छापून येतात, कारण दिल्लीच्या नळाचं काही पाणी याच कालव्याचं आहे. निघण्याआधी आठवडाभर ‘गंगनहर बंदी’ असं हिंदीत शोधा.

## टप्पा २ : तारखा ठरवताना श्रावण त्यांचा मोजा, आपला नाही

मराठी माणूस इथे फसतो. आपल्या कॅलेंडरात श्रावण आषाढी अमावस्येनंतर लागतो. उत्तरेत महिना पौर्णिमेला संपतो, त्यामुळे त्यांचा ‘सावन’ गुरुपौर्णिमेच्या दुसऱ्याच दिवशी सुरू होतो, म्हणजे आपल्या आधी पंधरा दिवस. कांवड यात्रा, म्हणजे गंगेचं पाणी खांद्यावरून पायी नेणाऱ्या शिवभक्तांची यात्रा, या पंधरवड्यातली. आपण “अजून आषाढच चाललाय, गर्दी नसेल” म्हणून निघतो आणि नेमके त्या लोंढ्यात सापडतो.

तेव्हा कालव्याच्या काठचा रस्ता, तिकडच्या भाषेत ‘पटरी’, कांवडियांसाठी राखून ठेवतात. हमरस्त्याची वाहतूक वळवतात, शेवटच्या दिवसांत हरिद्वारला गाडी नेणं जवळपास अशक्य होतं. त्या पंधरा दिवसांत कालवा बघायचा बेत करूच नका.

याखेरीज टाळायचे दिवस: सोमवती अमावस्या, गंगा दशहरा, कार्तिकी पौर्णिमा आणि बैसाखी. २०२७ मध्ये हरिद्वारला अर्धकुंभ आहे, त्या वर्षीचे जानेवारी ते एप्रिल हे महिने सोडा. डिसेंबरअखेर आणि जानेवारीत धुकं असतं. सकाळी दहापर्यंत समोरचा काठ दिसत नाही आणि गाड्या तासन्‌तास उशिरा धावतात. पावसाळ्यात गंगेला गाळ फार आला की कालवा मध्येच बंद करतात.

बंदीचे दिवस सोडून उरलं काय? दिवाळीनंतरचे तीन-चार आठवडे, आणि फेब्रुवारी-मार्च. मला स्वतःला फेब्रुवारी आवडतो. ऊन सोसवतं आणि रुडकीला ज्या नदीवरून कालवा जलसेतूने जातो, त्या सोलानीत पाणी कमी असल्याने पात्रात उतरता येतं.

## टप्पा ३ : तिकीट, मुक्काम, गाडी

मुंबईहून हरिद्वारला थेट गाड्या आहेत. पुणे, नागपूर किंवा नाशिककरांना बऱ्याचदा दिल्ली गाठून पुढे जाणं सोयीचं पडतं. दिल्ली-डेहराडून शताब्दी रुडकी आणि हरिद्वार दोन्हीकडे थांबते. इथे एक युक्ती करा: जाताना हरिद्वारला उतरा, परतीचं तिकीट रुडकीहून काढा. दोन्ही तिकिटं हरिद्वारची काढली की शेवटच्या दिवशी उगाच तीस किलोमीटर उलटं यावं लागतं आणि त्या नादात सोलानी घाईत उरकली जाते.

मुक्काम पहिल्या रात्री हरिद्वारला. दुसऱ्या रात्री रुडकीला राहिलात तर उत्तम, नाहीतर संध्याकाळची गाडी पकडा.

हरिद्वार शहरात ई-रिक्षा आणि ‘विक्रम’ नावाचे वडाप टेम्पो पुरतात. दुसऱ्या दिवसासाठी मात्र दिवसभराची टॅक्सी ठरवा. मधली ठिकाणं सुटी सुटी आहेत, परतीची रिक्षा मिळेलच असं नाही.

ठरवताना ड्रायव्हरशी हे शब्द वापरा: “पुरानी नहर की पटरी से चलना है, हाईवे से नहीं.” रुडकीच्या वाटेवर जुना आणि नवा असे दोन कालवे आहेत. नवा सरळ, काँक्रीटचा आणि बघण्यासारखं काही नसलेला. ड्रायव्हरला त्यातला कुठलाही चालतो. आपल्याला नाही.

तपासा : ही पाच नावं हिंदीत कागदावर लिहून ड्रायव्हरला निघण्याआधीच दाखवा: रानीपुर, पथरी, धनौरी, पिरान कलियर, सोलानी. दोन नावं त्याला माहीत नसतील तर घाबरू नका, तिथल्या चहावाल्याला माहीत असतात. पाचही माहीत नसतील तर दुसरा ड्रायव्हर बघा.

## टप्पा ४ : बरोबर काय घ्यायचं

न घसरणारे बूट. चप्पल नकोच, कारण काठाला शेवाळ असतं आणि पात्रात गोटे. सुट्ट्या नोटा, पाणी, टोपी. फोनमध्ये नकाशा आधीच उतरवून ठेवा. दुर्बीण असेल तर धनौरीला उपयोगी पडते. ड्रोन घरी ठेवा. बंधारे आणि वीजघरांपाशी साधा कॅमेरा काढायलाही कुठे कुठे मनाई आहे, पाटी दिसली की ऐका.

सावध : या कालव्यात पोहायचं नाही, पाय सोडून बसायचं नाही, हात धुवायला वाकायचंही नाही. साखळ्या आणि पायऱ्या फक्त घाटांवर आहेत. बाकी काठ उतरता आणि गुळगुळीत आहे, पाण्याला ओढ जबरदस्त. वरून पाणी संथ वाटतं म्हणूनच माणसं फसतात. या कालव्यात दरवर्षी लोक बुडतात आणि त्यात पट्टीचे पोहणारेही असतात.

## टप्पा ५ : पहिली दुपार, भीमगोडा ते मायापूर

दुपारी तीनच्या सुमाराला भीमगोड्यापासून सुरुवात करा. बंधाऱ्यापलीकडे पूर्वेला जी रुंद, गोट्यांनी भरलेली गंगा दिसते ती नीलधारा, मुख्य पात्र. इकडे शहराकडे वळलेली अरुंद धारा ती हर की पौडीची. ही विभागणी आधी डोक्यात बसू द्या, मग पुढचं सगळं सोपं जातं. बहुतेक जण सरळ घाटावर जातात आणि समोर दिसते तीच संपूर्ण गंगा समजतात.

तिथून धारेच्या कडेने चालत हर की पौडी, आणि आणखी खाली मायापूर. इथे पाणी पुन्हा वाटलं जातं: एक हिस्सा कनखलच्या बाजूने नदीकडे परततो, दुसरा रेग्युलेटरच्या दरवाजांखालून कालव्यात जातो. ‘डाम कोठी’ विचारत गेलात की जागा चुकत नाही. कालवा खऱ्या अर्थाने इथून सुरू होतो. सुरुवातीला तो सेकंदाला ६,७५० घनफूट पाण्यासाठी आखला होता, पुढे वाढवून १०,५०० पर्यंत नेला. पुलावर उभं राहून दरवाजांतून सुटणारं पाणी दहा मिनिटं बघा, पोहायला का नको म्हटलं तेही कळेल.

अंधार पडायच्या आत परत फिरा आणि आरतीला जा. आरतीची जागा तासभर आधी धरावी लागते, म्हणून मायापूर आधी आणि आरती नंतर. उलट केलंत तर मायापूर अंधारात राहतं.

## टप्पा ६ : राणीपूर आणि पथरी, डोक्यावरून जाणारे ओढे

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला निघा.

आता ‘पाण्याच्या दिशेने’ म्हणजे काय ते. शिवालिकच्या टेकड्यांतून उतरणारे ओढे कालव्याला आडवे येतात. तिकडे अशा पावसाळी ओढ्याला ‘राव’ म्हणतात. हरिद्वारजवळ, डोंगराच्या पायथ्याशी, रावाचं पात्र कालव्यापेक्षा उंच आहे, म्हणून तिथे ओढा कालव्याच्या वरून नेलाय. मध्ये धनौरीला दोघे एका पातळीत येतात. रुडकीला नदी खोल गेलेली, तिथे कालवाच नदीच्या वरून जातो. जमीन उतरत जाते आणि कालवा तिच्या मानाने वर येत जातो. वीस मैलांच्या आत एकाच अडचणीची ही तीन उत्तरं ओळीने दिसतात. रुडकीपासून सुरू केलंत तर शेवटचं उत्तर आधी वाचल्यासारखं होतं.

राणीपूरला पोचलात की पहिली प्रतिक्रिया असते, “इथे काय आहे?” कारण तुम्ही एका रुंद, दगडगोट्यांनी भरलेल्या कोरड्या पात्रापाशी उभे असता. दोन्ही कडांना भिंती. त्या पात्राच्या खालून कालवा वाहतोय. कडेच्या भिंतीपर्यंत जाऊन खाली डोकावा. एका बाजूने हिरवट पाणी कमानींत शिरतं, दुसऱ्या बाजूने बाहेर पडतं. दोन्ही बाजू बघितल्याशिवाय रचना कळत नाही. एकाच बाजूने फोटो काढून निघणारे याला साधा पूल समजतात.

पथरीची रचना तीच, फक्त रुंदी जास्त. राणीपूर नीट बघितलं असेल तर इथे पंधरा मिनिटं पुरे. वेळ कमी असेल तर दोन्हींपैकी एकच निवडा, पण एक तरी बघाच.

सावध : रावाच्या कोरड्या पात्रात गाडी उभी करू नका आणि डोंगराकडे ढग असतील तर पायही ठेवू नका. तुमच्या डोक्यावर ऊन असतं आणि वर पाऊस झालेला असतो. २०२४ च्या जूनअखेरीस हरिद्वारच्या खडखडी भागात सुखी नदीच्या कोरड्या पात्रात लावलेल्या गाड्या अशाच अचानक आलेल्या पुराने गंगेत वाहून गेल्या.

## टप्पा ७ : धनौरी

माझ्या मते सगळ्या वाटेवरचं सर्वांत दुर्लक्षित ठिकाण. रतमऊ नावाचा ओढा इथे एका बाजूने थेट कालव्यात शिरतो आणि समोरच्या बाजूच्या दरवाजांतून बाहेर पडतो. ओढ्याला पूर आला की ते दरवाजे उघडायचे आणि कालव्याचे खालचे दरवाजे आवळायचे, म्हणजे पुराचं पाणी पुढे रुडकीकडे जात नाही. सोप्या भाषेत, दोन रस्त्यांचा चौक, फक्त पाण्याचा, आणि सिग्नल हातात धरलेली माणसं.

इथे घाई करू नका. पुलावरून चारही दिशांना बघा आणि स्वतःला विचारा: ओढा कुठून येतो, कुठे जातो, कालवा कुठून येतो, कुठे जातो. चारही उत्तरं बोटाने दाखवता आली तरच पुढे निघा. आम्ही पहिल्या वेळी दोनच दाखवू शकलो होतो आणि दरवाजांवरच्या कर्मचाऱ्याने हसून उरलेली दोन दाखवली. कर्मचारी भेटला तर आधी नमस्कार, मग प्रश्न. दरवाजांच्या यंत्रापाशी मात्र बोलावल्याशिवाय जायचं नाही.

## टप्पा ८ : पिरान कलियर

कालव्याच्या काठावरच साबिर पाक या सूफी संतांचा दर्गा आहे. जेवणाची वेळ इथेच गाठा. डोकं झाकायला रुमाल ठेवा. उरुसाच्या दिवसांत, म्हणजे रबीउल अव्वल महिन्यात, इथे प्रचंड गर्दी होते. तेव्हा न थांबता पुढे जा.

इथून पुढे जुना आणि नवा कालवा शेजारी शेजारी धावतात. तपासा : जुन्याच पटरीवर आहात ना? शंका आली तर ड्रायव्हरला नाही, पायी जाणाऱ्याला विचारा.

## टप्पा ९ : सोलानी, वर नाही, खाली

दुपारी तीनला इथे पोचा. सबंध दिवसातली सर्वांत मोठी चूक इथेच होते. जलसेतूच्या वर उभं राहिलं की दिसतो फक्त कालवा, आतापर्यंत दिसला तसाच. “बघितलं, चला,” म्हणून लोक निघतात. पायाखाली प्रत्येकी ५० फूट रुंदीच्या १५ कमानी आहेत, हे त्यांना कळतच नाही.

क्रम असा ठेवा:

१. आधी वरून थोडं चाला. दोन्ही बाजूंची जमीन किती खाली गेलीय ते बघा. दरी ओलांडायला मातीचा लांबलचक भराव घातलाय, दगड-विटांचा सेतू फक्त नदीपुरता आहे. भराव संपून बांधकाम कुठे सुरू होतं ती जागा शोधा.

२. मग खाली नदीच्या पात्राकडे उतरा. शेतातून पायवाटा आहेत, शेतकऱ्याला विचारून जा, पीक तुडवू नका.

३. जुना सेतू ओळखा. शेजारी नव्या कालव्याचा काँक्रीटचा सेतू आहे आणि बरेच जण त्याचेच फोटो काढून येतात. कमानी आणि विटा दिसल्या तरच तो जुना.

४. एका कमानीखाली उभं राहून वर बघा. डोक्यावर अख्खा कालवा वाहतोय. कमानीच्या पोटात ओल, पाझर आणि डागडुजीच्या खुणा दिसतात.

पात्रात पाणी गुडघ्यावर असेल तर उतरू नका, काठावरून तिरकं बघा. पावसाळ्यात हा टप्पा सोडूनच द्या.

सावध : कमानीखाली मधमाश्यांची पोळी असू शकतात. आधी वर नजर टाका. अगरबत्ती, सिगारेट, आरडाओरडा नको.

सिंहांचे पुतळे शेवटी. जलसेतूच्या दोन टोकांना, मेहवडकडे आणि रुडकीकडे, दोन-दोन असे चार आहेत. बहुतेकांना रुडकीकडचे दोनच भेटतात. चारही बघायचे असतील तर मेहवडकडचे येतानाच उरका, कारण ते वाटेत आधी लागतात.

## टप्पा १० : रुडकीत उरलेली संध्याकाळ

आयआयटीचा जुना भाग बघायचा असेल तर फाटकावर ओळखपत्र दाखवून विचारा, आत सोडतीलच असं धरून चालू नका. ही आयआयटी मुळात इंजिनिअरिंग कॉलेज. ते १८४७ मध्ये निघालं, कालव्यावर काम करायला माणसं हवी होती म्हणून.

गाडीला अर्धा तास आधी जा. सोलानीच्या भरावाची माती ओढायला १८५१ मध्ये इथे वाफेचं इंजिन आणलं होतं, त्याची प्रतिकृती रुडकी स्टेशनपाशी ठेवलीय. बोरीबंदर-ठाणे गाडी धावली १६ एप्रिल १८५३ ला, म्हणजे त्यानंतर. ठाणेकर बरोबर असतील तर वाद होणार. प्रवाशांना घेऊन धावलेली पहिली गाडी आपलीच, हे सांगून मिटवा.

## एकच दिवस असेल तर

पहाटे हरिद्वारला उतरून थेट मायापूर (अर्धा तास), मग राणीपूर, धनौरी, सोलानी. पथरी, कलियर आणि कॉलेज सोडा. आरती मिळणार नाही, हे घरच्यांना आधीच सांगून ठेवा.

आणि वेळ जास्त असेल, परतीला स्वतःची गाडी असेल, तर कालव्याच्या कडेने मेरठपर्यंत या. वाटेत जिथे कालवा पायरी उतरतो त्या जागांना ‘झाल’ म्हणतात. मेरठजवळची भोला की झाल त्यातली पोचायला सोपी. पाणी पडतं त्या बाजूच्या कठड्यापासून मुलांना लांब ठेवा आणि अंधार व्हायच्या आत पटरी सोडून हमरस्ता धरा, कारण पटरीवर दिवे नाहीत आणि कठडाही सगळीकडे नाही.